देठाशी सुटलेली रेघ

पावसच्या आंबा सोसायटीत कॉम्प्युटर आला, तेव्हा चेअरमन भिवाशेठांनी त्याच्यापुढे नारळ फोडला आणि खोलीच्या दारावर पाटी लावली, 'चपला बाहेर काढाव्यात.' मथुराबाईने पाटी वाचली आणि ती चपलांसकट आत गेली. पाटी तिनेच रंगवली होती, आणि ती आपल्यालाही लागू आहे असं तिला रंगवताना कुणी सांगितलं नव्हतं.

मथुराबाई म्हणजे जानू पेंटरची बायको. आंब्याच्या पेटीवरच्या लेबलावर जो आंबा असे, तो 'जानूचा आंबा' म्हणून पंचक्रोशीत नावाजलेला. खरी गोष्ट अशी, की जानूचं अक्षर मोत्यासारखं, पण आंबा काढायला बसला की हमखास बटाटा व्हायचा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून आंबा मथुराबाई काढी आणि खाली 'जानू पेंटर, पावस' असं नाव पडे. जानू जाऊन पाच वर्षं झाली, तरी नाव त्याचंच. मेलेला माणूस दरसाल नवा आंबा काढतो आणि गावात कुणाला त्याचं नवल वाटत नाही, याचा मथुराबाईला मनस्वी राग होता. यंदा लेबलावर आपलं नाव पडेल, नाहीतर आंबाच पडणार नाही, असं तिने ठरवलं होतं. नेमका तेव्हाच हा कॉम्प्युटर आला.

तो आणण्याला कारण होतं. मागल्या मोसमात कुणी भामट्याने सोसायटीचं लेबल छापून त्या पेट्यांतून कुठले तरी आंबट आंबे मुंबईत खपवले होते. दलालाने तसली एक पेटी परत पाठवली. भिवाशेठांनी तिच्यावरचं खोटं लेबल फ्रेम करून खऱ्या लेबलाशेजारी भिंतीवर टांगलं, अपमान ताजा राहावा म्हणून. मशीनच्या लेबलाची नक्कल कुणाच्या बापाला जमणार नाही, असं त्यांना पुतण्याने पटवलं होतं.

हा पुतण्या लवू. मुंबईत सहा महिन्यांचा कोर्स करून आला होता आणि येताना चित्रं काढायच्या प्रोग्रामची अगदी नवी आवृत्ती फ्लॉपीत घालून घेऊन आला होता. जुनीत नसलेल्या तीन सोयी हिच्यात आहेत, हे तो रिक्षावाल्यालाही सांगे. एक रंगाची बादली, जिथे ओताल तिथे रेघेच्या आतला भाग क्षणात भरणारी. दुसरा आरसा, चित्र उलटं करणारा. आणि तिसरी, झालेली चूक मागे घ्यायची सोय. चार दिवस या तिन्ही सोयी वापरून लवूने आंबा काढला. संचालकांनी तो पाहिला आणि काजू चांगला जमलाय म्हणून त्याची पाठ थोपटली. तेव्हा कुठे मथुराबाईला बोलावणं गेलं.

"वैनी, तुमी नुसती रेघ मारा," भिवाशेठ म्हणाले. "रंग मशीन भरील."

"आणि नाव?"

"नावाचं मागाहून बघू."

मथुराबाईने भिंतीवरची दोन्ही लेबलं जवळ जाऊन पाहिली आणि ती स्वतःशीच हसली. काय झालं म्हणून भिवाशेठांनी विचारलं, तर म्हणाली, "काय नाय. मला रेघेपुरतीच बोलावलीय ना?"

नावाचं छापायच्या आधी ठरवायचं, असं बजावून ती खुर्चीवर बसली. माऊस हातात धरून दोन-चार रेघोट्या ओढल्या आणि मग एका दमात आंबा काढला. गाल, नाक, देठाचा खळगा, सगळं जागच्या जागी. बघायला आलेला मुंबईचा दलालसुद्धा खुर्चीवरून उठला. लवूने ऐटीत बादली उचलली आणि आंब्याच्या पोटात ओतली. आंबा केशरी झाला, आंब्याभोवतालची जागा केशरी झाली, बघता बघता अख्खा पडदा केशरी झाला. लवूने घाबरून भलतंच बटण दाबलं, त्याबरोबर आरशाने आंबा उलटा केला. मग त्याने चूक मागे घेतली. मशीन एकच चूक मागे घेत असे, त्यामुळे आंबा सुलटा झाला आणि केशरी तसाच राहिला. दलाल म्हणाला, पूर आला. तेवढ्यात वीज गेली आणि पूर ओसरला, सोबत आंबाही.

वीज आल्यावर मथुराबाईने दुसरा काढला. पुन्हा पूर. तिसऱ्या वेळी लवूने डोळे पडद्याला भिडवले, तेव्हा त्याला देठाशी रेघेत ज्वारीच्या दाण्याएवढी फट दिसली. रंग तिथून निसटत होता.

"काकी, एवढी फट बुजवा."

"नाय बुजवायची."

"अहो, रंग बाहेर जातो."

"रंग तुझा हाय, तू सांभाळ. आंबा उतरवला की देठाकडून चीक गळतो. गळू दिला नायस तर साल डागते, फळ नासतं. सासूने मला पहिला आंबा शिकवला तो देठ मोकळा ठेवून. तीस वर्षांत मी एक आंबा बंद केला नाय, तो तुज्या बादलीसाठी करू?"

भिवाशेठांनी चेअरमनच्या आवाजात सांगून पाहिलं. चित्रातल्या आंब्याला चीक नसतो, हेही सांगून पाहिलं. "मग खोका पण चित्रातच पाठवा," असं म्हणून मथुराबाई चहा प्यायला बाहेर गेली. ती परत येईपर्यंत लवूने एक ठिपका टाकून फट बुजवली, रंग भरला आणि फ्लॉपीत ठेवून दिला. मथुराबाईने पडद्याकडे पाहिलं. "हा माजा आंबा नाय," एवढंच ती म्हणाली आणि घरी गेली. लेबल छापून आलं, त्यावर कुणाचंच नाव नव्हतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पेट्या मुंबईला गेल्या आणि तिसऱ्या आठवड्यात दलालाची तार आली. बाजारात सोसायटीची म्हणून दुप्पट पेट्या होत्या, लेबलं सगळी एकसारखी. खरं-खोटं निवडता येत नाही, सबब पुढला माल पाठवू नये. बागांतून फळ तयार आणि सोसायटीच्या पडवीत पेट्यांची चळत. भिवाशेठांनी आयुष्यात पहिल्यांदा मथुराबाईच्या दारात चपला काढल्या.

ती आली. भिंतीवरच्या दोन्ही फ्रेम उतरवून तिने टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"ह्यातला खरा कुठला?"

संचालकांनी चष्मे लावले, काढले. कुणाला सांगता येईना.

"खऱ्याचा देठ उघडा हाय. खोट्याचा बंद. नक्कल करणारा मोठा नीटनेटका माणूस, पेंटरचा हात चुकला वाटून त्याने फट बुजवली. औंदा त्याला तेवढेही कष्ट पडले नायत. तुमीच बुजवून दिलीत."

"हे त्याच दिवशी सांगायचं नाय का?" भिवाशेठ कळवळले.

"रेघेपुरती बोलावली होतीत."

लवूचा प्रश्न मात्र कायम होता. फट ठेवली तर पूर येतो, मग रंग भरायचा कसा? मथुराबाईने खुर्ची ओढली. फट बुजवून रंग भरला, आणि मग पांढऱ्या ठिपक्याने देठ पुन्हा मोकळा केला. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं. हे तिला पहिल्याच दिवशी सुचलं होतं, पण सगळ्यांनी तिला बुजवायला सांगितलं, कसं करावं हे कुणीच विचारलं नव्हतं. मग तिने खाली 'मथुरा, पावस' असं लिहिलं आणि फ्लॉपी हातात धरून बसली. नावाचा ठराव मंजूर झाल्यावरच ती दिली.

देठाची खूण दलालाला कळवली, उघड्या देठाच्या पेट्या निघाल्या आणि त्याने त्या डोळे मिटून घेतल्या. मेअखेरीस त्याने नमुन्यादाखल एक खोटं लेबल पाठवलं. भामट्याने नवं लेबलही उचललं होतं. 'मथुरा, पावस' अक्षर न् अक्षर बरोबर, आणि देठ बंद.

भिवाशेठ फ्रेम आणायला निघाले, पण मथुराबाईने ते लेबल मागून घेतलं. आपलं नाव चोरावंसं कुणाला तरी वाटलं, याचा तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने कुणापासून लपवलं नाही. लेबल तिने घराच्या दारावर चिकटवलं.

"काकी," लवू म्हणाला, "निदान देठ तरी मोकळा करा."

"ऱ्हाऊ दे," मथुराबाई म्हणाली. "चोराचा आंबा तो. नासू दे."