बापूसाहेबांचा माइक

आमच्या शेजारच्या बापूसाहेब वकिलांकडे गेलं की मनगटावरचं घड्याळ दारातच उतरवावं लागे. ते स्वतःच्या हाताने ज्वारीच्या डब्यात खुपसत आणि वर बजावत, "टेपात टिकटिक येते. माइकले कान असते मास्तर, अक्कल नसते."

मेव्हण्यांनी एडनहून स्पूलचा टेपरेकॉर्डर आणून दिला आणि अमरावतीतला एक बऱ्यापैकी वकील कामातून गेला. त्यांची एकुलती एक लेक कुमुद गिटार वाजवायची. लग्न जबलपूरला ठरलेलं. ती सासरी जायच्या आत तिचं वाजवणं स्वच्छ टेप करून ठेवायचं, हा त्यांनी ध्यासच घेतला.

अडत होतं ते माइकच्या जागेपाशी. गिटारच्या भोकासमोर धरला तर नुसतं घूं घूं. खुंटीला टांगला तर कुमुद विहिरीत बसून वाजवतेय असं वाटे. मग धामणगावच्या एका पक्षकाराकडून कापूस मागवून त्यांनी गाद्या भरून घेतल्या आणि भिंतींना टेकवून उभ्या केल्या. मानपानाचं बोलायला आलेले व्याही बिचारे एक गादी ओढून बसायला लागले, तर हे ओरडले, "नोका बसू! आवाज घुमते!" लग्न मोडलं नाही, हे नशीबच.

तरी टेपात एक सूं सूं यायचंच. काकूंचा स्टोव्ह बंद झाला, आमचा चहा बुडाला. समोरच्या टांगेवाल्याला घोडा दुसरीकडे बांधायला लावला. सूं सूं कायम! शेवटी एक दिवस कुमुद वाजवता वाजवता थांबली.

"बाबा, तुमचंच नाक वाजून राह्यलं! काहून माइकवर वाकून बसता? जा बरं बाहेर!"

बापूसाहेब निमूट अंगणात गेले. कुमुदनं माइक स्टुलावर ठेवला, गिटारची मान खोक्याला मिळते त्या जागेसमोर, हातभर लांब. त्याच स्पूलवर पुढे तिनं सगळं सुरेख वाजवून दिलं.

लग्न झालं, कुमुद गेली. काही दिवसांनी मी डोकावलो आणि सवयीनं घड्याळ काढू लागलो.

"राहू द्या आता," बापूसाहेब म्हणाले.

टेप चालू होता. गिटार, सूं सूं, मग कुमुदचं ते खेकसणं. तिथं आलं की ते स्पूल मागे फिरवत आणि पुन्हा तेवढंच लावत.

"अहो, पुढे स्वच्छ वाजवलेलं आहे की," मी म्हटलं.

"आहे ना, झकास आहे." त्यांनी नाक ओढलं. "पण तवा मी अंगणात होतो, मास्तर. याच्यात आमी दोघं आहो."