एक घंट्याचं प्रभुभोजन

माझ्याइतकं लक्ष देणारा माणूस अख्ख्या नागभीड तालुक्यात दाखवा, मी मिशी उतरवून देतो! बत्तीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर नोकरी केली. एकदा तर फाटकाजवळ अस्वल येऊन सरकारी पाहुण्यासारखं ऐटीत बसलं होतं. तरी गाडी निघून जाईपर्यंत माझी नजर रुळावरून हलली नाही. तेव्हा एक घंटा डोळे मिटून प्रार्थनेत बसणं माझ्यासाठी काय मोठी गोष्ट, असं मी धरून चाललो होतो.

तो घंटा मी ज्योत्स्नाला देणं लागत होतो. ज्योत्स्ना माझी बायको. चौतीस वर्षांच्या संसारात तिनं सोनं मागितलं नाही, साडी मागितली नाही. एकच म्हणायची, माझ्यासोबत एक घंटा प्रार्थनेला बसा आणि मधात उठू नका. मी बसायचो, पण उठायचो. कधी दूध उतू जायचं, कधी भाजीवाला हाक मारायचा, कधी माकडं छपराच्या कवेलूवर नाचायची. काहीच झालं नाही तर मीच बघायला उठायचो, की आज काही झालं कसं नाही!

मागच्या वर्षी दवाखान्यात तिनं माझा हात धरला. म्हणाली, "आता तरी बसा."

बसलो. पाच मिनिटांनी मोबाइलची बॅटरी लाल झाली म्हणून बाहेर चार्जर लावायला गेलो. परत आलो तेव्हा नर्स तिच्या तोंडावर चादर ओढत होती.

पुढचं सांगतो.

तिच्या वर्षाच्या दिवशी मी घरी प्रभुभोजन ठेवलं. आमच्या ख्रिस्ती लोकांना हे ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगतो. प्रभुभोजनात जेवण नसतं. येशूची आठवण म्हणून भाकरीचा नखाएवढा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस, बस. आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, राजदीपसाहेब वडशाहून रेल्वेनं येणार होते. गल्लीत ख्रिस्ती घर माझं एकटंच. म्हणजे मी, पाळकसाहेब आणि अकरा ते बारा, पक्का एक घंटा.

धोका होता तो फक्त गल्लीच्या आवाजाचा. मी आधीच बंदोबस्त केला! आदल्या दिवशी दारोदार फिरून सांगितलं, की उद्या अकराला माझ्या घरी ज्योत्स्नाच्या वर्षाचं प्रभुभोजन आहे, तेवढा घंटाभर सांभाळून घ्या. सगळ्यांनी माना हलवल्या. समोरचा धनराज, ज्याचा ट्रॅक्टर सुरू झाला की माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर पडतं, तो तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सांगाचं काम आहे काय भाऊ? आमी घरचेच आहो."

मला भरून आलं. किती समजूतदार लोक, वाटलं.

शनिवारी अकराला पाळकसाहेबांनी टेबलावर दोन तुकडे आणि दोन छोटे पेले मांडले. आम्ही डोळे मिटले. थोड्या वेळानं अंगणात चपला वाजल्या. मी डोळे उघडले नाहीत. सतरंजी ओढल्याचा आवाज आला. उघडले नाहीत. मग स्टीलचे गिलास एकावर एक वाजले, जसं काही भांड्यांचं दुकान चालत आलं. तरी नाही! शेवटी पाळकसाहेबच हळूच म्हणाले, "भाऊ, उघडा डोळे. आता इलाज नाही."

अंगणात चाळीस माणसं दोन पंगतीत बसली होती. प्रत्येकासमोर घरून आणलेला गिलास. धनराजनं आत डोकावून टेबलाकडे पाहिलं.

"भाऊ, सैपाक कुठी आहे?"

मी त्याला समजावलं, की हे जेवण नाही, प्रभुभोजन आहे.

"मंग? परभूच्या नावानं भोजन. आमच्यातबी देवाच्याच नावानं असते."

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते तीन वर्षं याच विषयाचं शिकून आले आहेत, पण त्यांनी पंगतीतली माणसं मोजायला घेतली.

तेवढ्यात बाजूची रुखमाबाई आत आली. तिनं ते दोन तुकडे पाहिले आणि तोंडाला पदर लावला. "बाई गेली अन् भाऊचं काय झालं पाहा. नखाएवढ्या भाकरीवर दिवस काढून राह्यला, अन् त्यातबी पाहुना!"

बातमी पंगतीत गेली. मग कोण ऐकतो! रुखमाबाईनं माझा तांदळाचा डबा पालथा केला. धनराजनं घरून वांगी आणि ती शिजवायला भला मोठा गंज आणला. पाळकसाहेब बाह्या वर करून कांदे चिरत होते आणि रडत होते. मी पत्रावळीसाठी तीनदा चौकात गेलो. पहिल्यांदा कमी पडल्या, दुसऱ्यांदा पैसे विसरलो. मधून घड्याळ पाहिलं तर बारा कधीच वाजून गेले होते. टेबलावरच्या तुकड्यांना मुंग्या लागल्या होत्या.

अडीचला लोक जेवून उठले. रुखमाबाई हात पुसत म्हणाली, "आता बाईच्या आत्म्याले शांती भेटली."

मी मान हलवली. दुसरं काय करणार? ज्योत्स्नानं मागितलं ते वांग्याची भाजी नव्हती, हे सांगायचं तर चार्जरपासून सांगावं लागलं असतं.

पाळकसाहेबांची गाडी होती. कांद्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवून ते म्हणाले, तुम्ही एकटेच बसा भाऊ, प्रभू ऐकतो. आणि पळत स्टेशनावर गेले.

अंगण रिकामं झालं. मी दाराला कडी लावली, मोबाइल बंद केला, गुडघे टेकले, डोळे मिटले. काहीच आवाज नव्हता. उठायला एकही कारण नव्हतं. मी वाट पाहत राहिलो.

बऱ्याच वेळानं ध्यानात आलं, की ज्योत्स्ना प्रार्थना सुरू करेल म्हणून मी थांबलो होतो. चौतीस वर्षं प्रार्थना तीच करायची. माझ्याकडे फक्त शेवटचं आमेन असायचं.

तेवढं म्हटलं आणि गंज घासायला उठलो.