गावंडे मॅडमची हजेरी

जठारपेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये रोज सकाळी सहाला शिट्टी वाजते. कुकरची नाही, मैदानावरची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी झोपेतच उठून पलंगाशेजारी सावधान उभा राहिलो होतो. हे आमची मंडळी आजही येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर सांगते.

शिट्टीनंतर हजेरी होते.

"सुनंदा?" "हजर." "बेबी?" "हजर." "रेखा?" "हजर."

विचारणारा आवाज खणखणीत, उत्तर देणारा बारीक, आणि दोन्ही एकाच गळ्यातून येतात. तळमजल्याच्या गॅलरीत गावंडे मॅडम पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत उभ्या असतात. समोर चिटपाखरू नाही. हातात मोबाइल. तुम्हाला वाटेल, बाईंचं डोकं फिरलं. अजिबात नाही, माझ्यापेक्षा बरंच ठिकाणावर आहे.

मॅडम मोर्शीकडच्या एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं खेळाच्या शिक्षिका होत्या. खो-खो शिकवला, लग्न केलं नाही, रिटायर झाल्यावर भावाजवळ राहावं म्हणून अकोल्यात फ्लॅट घेतला, आणि वर्षभरात भाऊ गेला. मग गुडघा बदलावा लागला. दीड महिना पलंगावर. व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीनं वेळ जावा म्हणून त्यांच्या मोबाइलमध्ये एक खेळ टाकून दिला. त्यात रानात, नदीत, गुहेत चित्रविचित्र प्राणी भेटतात. ते पकडायचे, नाव द्यायचं, तयार करायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी लढवायचे. दुसरं कोणी असतं तर चार दिवस खेळून कंटाळलं असतं. मॅडमनं सहा जणींची टीम उभी केली.

टीम म्हटली की सराव सामना आला. त्यासाठी त्यांनी मला भरती केलं.

"दिनकरभाऊ, तुमीही घ्या हा खेळ. दुकानात बसल्या बसल्या माश्याच मारून राहिले न?"

माझं मेडिकलचं दुकान आहे. माश्या मारतो हा साफ खोटा आरोप आहे. दुपारी थोड्या मारतो.

पण मजा अशी, की पहिले पंधरा दिवस मॅडम रोज हरल्या. आणि कोणाकडून, तर माझ्याकडून, ज्याला कोणतं बटण कशाचं हेही कळत नव्हतं! कारण शोधलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. या खेळात तुमचा प्राणी ज्या जनावराला हरवतो त्याचा गुण उचलतो. चपळ पाखरांना हरवलं की चपळाई वाढते, टणक कासवांना हरवलं की अंग टणक होतं. पण एकूण वाढीला मर्यादा आहे, म्हणून शहाणी माणसं एकेकाला एक-दोन गुणांतच घडवतात. मॅडमनं मात्र भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं. सोमवारी चपळाई, मंगळवारी ताकद, बुधवारी दम, आणि सगळ्यांना सगळं समसमान. त्यामुळे सहाही जणी सगळ्यात थोड्या थोड्या बऱ्या होत्या आणि धड कशातच नव्हत्या.

"सर्वांगीण विकास म्हणतात याले," त्या मला म्हणाल्या.

"मॅडम, ही शाळा नाही. सुनंदाला नुसतं पळायला शिकवा."

"नुसतं पळायले ते पोरगी आहे का एस.टी.?" मग जरा थांबून, "अन् एस.टी. तरी कुठी पळते म्हणा."

आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी वेळापत्रक बदललेलं दिसलं. खेळात एक कडू फळ मिळतं, ते चारलं की आधीचं शिक्षण उतरतं. मॅडमनं ते एकेकीला चारलं. "एवढं गिळून घे माय, चांगलं होते," असं दर वेळी मोबाइलला समजावत होत्या. मग नव्यानं तालीम सुरू झाली. "घाम दिसला पाह्यजे!" हे त्यांचं आवडतं वाक्य. मोबाइलमधल्या प्राण्याला घाम कुठून येणार, हे विचारायची माझी छाती झाली नाही. महिनाभरात मी रोज हरायला लागलो.

फक्त मंदाचं कोडं मला सुटेना. मंदा म्हणजे मोठ्या कानांचं, खारीएवढं जनावर. चपळाईत सगळ्यांच्या वर. पण या खेळात प्राण्याची पुरेशी तालीम झाली की तो रूप बदलतो, मोठा होतो, ताकद दुप्पट होते. बाकीच्या पाचही जणी केव्हाच मोठ्या झाल्या होत्या. मंदाचं अंग चमकायला लागलं की पडद्यावर प्रश्न यायचा, मोठं होऊ द्यायचं का? आणि मॅडम 'नाही' दाबायच्या. प्रत्येक वेळी.

"अहो, फुकटची ताकद नाकारून राहिल्या तुम्ही!" मी म्हणायचो.

"तुमी तुमच्या गोळ्या मोजा," त्या म्हणायच्या.

अशात बातमी आली की अमरावतीच्या एका कॉलेजात याच खेळाची स्पर्धा आहे, कोणत्याही वयाच्या माणसानं यावं. मी गंमत म्हणून सांगितलं.  "अमरावतीले?" मॅडमनं दोनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी कॅनव्हासचे बूट धुऊन, खडू लावून उन्हात वाळत होते.

पण सरावात मंदा पहिल्याच फटक्याला आडवी व्हायची. एवढंसं पोर, समोर डोंगराएवढी जनावरं. मी म्हटलं, हिच्या जागी दुसरी घ्या.

"मंदा येईन. नाही त टीमच नाही जाणार."

चार दिवस उरले तेव्हा त्या म्हणायला लागल्या, "राहू द्या दिनकरभाऊ, हरायले काय जायचं." माझ्या जिवाला लागलं ते. भाऊ गेल्यापासून दीड वर्षात या बाईनं आपणहून बिल्डिंगच्या बाहेर जायचा विचार पहिल्यांदा केला होता.

त्या दिवशी रानातल्या एका पाखराशी मंदाचा सराव सुरू असताना दूध उतू गेल्याचा वास आला. "धरा जरा," म्हणून त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. नेमकी तेव्हाच मंदा जिंकली. अंग चमकलं, प्रश्न आला. आणि मी, शहाणा माणूस, 'हो' दाबून मोकळा झालो.

मॅडम चहा घेऊन आल्या. पडद्यावर एक उंच, ऐटबाज जनावर उभं होतं. या खेळात मोठं झालेलं परत लहान होत नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्या हातातून मोबाइल घेतला.

"नववीत होती मंदा," मग त्या म्हणाल्या. "असं पळे का मागून नुसती धूळ दिसे. विभागीय स्पर्धेले निवड झाली होती आमची, अमरावतीले. आदल्या दिवशी तिचा मामा मैदानावर आला. म्हणे, पोरगी मोठी झाली आता, तिले पाह्याले पाहुणे येऊन राहिले. तिनं माह्याकडे पाह्यलं. माह्या गळ्यात शिट्टी होती, भाऊ. वाजवली असती त साऱ्या पोरी जमा झाल्या असत्या. नाही वाजवली. म्हटलं, आपण कोण? घेऊन गेला तो तिले. तिच्या जागी राखीव पोरगी नेली." आणि जरा वेळानं, "जिंकलोही."

सुनंदा, बेबी, रेखा ही नावं कुठून आली हे मला तेव्हा कळलं.

"इथं तरी तिले मोठी होऊ द्यायची नव्हती मले," त्या म्हणाल्या. मला माझ्या अंगठ्याची लाज वाटली. चहा तसाच ठेवून मी वर आलो.

दुसऱ्या दिवशी सहाला शिट्टी वाजली नाही. सव्वासहा झाले. मी जिन्यात येऊन उभा राहिलो. खाली शिट्टीविनाच हजेरी सुरू झाली. सुनंदा, बेबी, रेखा, ज्योत्स्ना, शोभा. मग, "मंदा?"

उत्तर येईना. मी दोन पायऱ्या खाली उतरलो. मग बारीक आवाज आला, "हजर." आणि लगेच त्यांची हाक, "दिनकरभाऊ! मोठी झाली तरी गेली नाही हो! इथंच आहे!"

मी धावत खाली गेलो. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. "चाला," म्हणाल्या, "अमरावतीले नेऊ तिले. राह्यलं होतं."

रविवारी आम्ही एस.टी.नं गेलो. कॉलेजात जायच्या आधी त्यांनी ऑटो एका मैदानाशी थांबवला. विभागीय सामने तिथं झाले होते. एका कोपऱ्यात क्रिकेट चाललं होतं. मॅडम क्रिकेटवाल्यांना वळसा घालून मधोमध गेल्या, मंदाला पडद्यावर आणलं आणि मोबाइल उंच धरून हळूहळू चारही बाजूंना फिरवला. मग गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली आणि छातीतला सगळा दम घालून वाजवली.

क्रिकेटवाले थबकून बघायला लागले. जमा व्हायला कोणीच नव्हतं. मॅडम वाट बघत उभ्या होत्या. मग मीच गेलो आणि त्यांच्यासमोर सावधान उभा राहिलो.