कोरा नमुना

माणूस खोटं बोलतो, यंत्र कधीकधी चुकतं, पण माझी पावडर खोटं बोलत नाही, असं धाकटा छाती ठोकून सांगायचा. घरी कुणी आलं की पाण्याच्या आधी ही पावडर पुढे यायची. भाज्या-फळांतली कीटकनाशकं शोधणाऱ्या प्रयोगशाळेत तो नोकरीला होता आणि गेलं वर्षभर त्याने ही पावडर सोडून दुसरं काही केलं नव्हतं.

"कीटकनाशकाचे रेणू घ्यायचे," तो सांगे, "त्यांच्याभोवती प्लास्टिक घट्ट होऊ द्यायचं, मग ते रेणू धुऊन काढायचे. मागे उरतात नेमके त्यांच्या मापाचे खळगे. आता वरून भाजीचा रस ओता नाहीतर गढूळ पाणी ओता, त्या खळग्यात बसणार फक्त तोच रेणू. आमच्या बाबांची कवळी दुसऱ्या कुणाच्या तोंडात बसेल का?"

कवळीचा विषय निघाला की बाबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. थोरल्या मुलाच्या घरी ते दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि त्यांचं सगळं वहिनी करायच्या. धाकटा दर रविवारी यायचा, उशाशी पंधरा मिनिटं बसायचा आणि त्यातली दहा पावडरीवर घालवायचा.

शेवटच्या रविवारी बाबांनी त्याचा हात धरला. "औषध कडू लागतंय रे. ती काहीतरी घालते त्यात."

अंथरुणातली म्हातारी माणसं असं बोलतातच. धाकट्याने "बरं, बघतो" म्हणत हात सोडवून घेतला. त्याला घरी जायची घाई होती. मंगळवारी सकाळी बाबा गेले.

वय झालं होतं, हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. ताई परगावी होती, तिला पोचायला दोन दिवस लागणार होते, म्हणून बाबांना इस्पितळाच्या शीतगृहात ठेवलं. धाकटा त्यांच्या रिकाम्या खाटेशेजारी बसून राहिला. रडू येत नव्हतं. आपण हात सोडवून घेतला, एवढंच पुन्हा पुन्हा आठवत होतं. समोर औषधाची अर्धी बाटली होती. अशा वेळी माणसाला काहीतरी करावंसं वाटतं आणि धाकट्याला जगात एकच गोष्ट करता येत होती. त्याने बाटली खिशात घातली.

प्रयोगशाळेत पावडरीचा नवा घाणा कालच तयार झाला होता. त्याच्याच वहीत त्याच्याच अक्षरात नियम लिहिला होता: बारा वेळा धुवायचं. काचसामान धुणाऱ्या मावशी हे काम करायच्या आणि बोटांवर मोजायच्या.

"साहेब, तीनदा झालंय. अजून नऊ राहिले."

"मावशी, माझे बाबा गेलेत. पुरे आता."

मावशींनी पावडर त्याच्या हातात दिली.

वहीत दुसराही नियम होता. कुठलीही तपासणी करण्याआधी पावडरीतून नुसतं शुद्ध पाणी सोडून बघायचं. त्याला कोरा नमुना म्हणतात. नव्या पोरांनी तो वगळला की धाकटा त्यांना सगळ्यांदेखत सोलून काढायचा. आज त्याने स्वतःच वगळला. औषध पावडरीतून गाळून यंत्रात घातलं. पडद्यावरची रेघ आठ मिनिटं गुमान सरळ चालली आणि मग तिला टोक आलं. औषधात कीटकनाशक होतं.

तो तडक दादाकडे गेला आणि त्याने स्वयंपाकघरात, दार लोटून, कुजबुजत सगळं सांगितलं. दादा भिंतीला टेकला. दार उघडलं तेव्हा बाहेर वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"वहिनी, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही," धाकटा म्हणाला.

"दिवसभर घरात दोनच माणसं असायची, भावजी. बाबा आणि मी. नाव घ्यायचं राहिलंच कुठे?" त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. "चहा निवतोय."

दादाने कपाकडे बघितलं आणि धाकट्याने दादाकडे. कप कुणीच उचलला नाही. वहिनींनी ते बघितलं, पिशवीत दोन साड्या भरल्या आणि त्या माहेरी निघून गेल्या. दादाने त्यांना अडवलं नाही.

ताई आली ती कंबर कसूनच आली. तिने आधी साखरेचा डबा उकिरड्यावर फेकला, मग मिठाचा. शीतगृहातून बाबांना आणायचं नाही, आधी पोलीस, असं तिने जाहीर केलं. दादा हात जोडून म्हणाला, "उद्या सकाळपर्यंत थांबा. याला एकदा परत तपासू दे. ती तसली नाही गं."

धाकटा औषध, चहापत्ती आणि फेकलेल्या डब्यातली चिमूटभर साखर घेऊन पुन्हा प्रयोगशाळेत गेला. औषधात विष निघालं. साखरेत निघालं, चहापत्तीतही निघालं. मग कुठल्या बुद्धीने कोण जाणे, त्याने स्वतःच्या डब्यातली उरलेली भाजी तपासली. विष! त्याने बायकोला फोन लावला.

"आज डब्यात काय घातलं होतंस?"

"का, मीठ कमी होतं?"

"तसं नाही. तुझा माझ्यावर राग आहे का?"

"कधीपासूनचा सांगू?"

त्याने फोन ठेवला. त्याचा उतरलेला चेहरा बघून मावशींनी पाण्याचा पेला पुढे केला. धाकट्याने पेल्याकडे बघितलं, मग मावशींकडे बघितलं आणि पाणी न पिता पावडरीवर ओतलं. आठव्या मिनिटाला टोक आलं.

"साहेब, नळाचं पाणी आहे हो ते," मावशी कळवळून म्हणाल्या. "आता ते शुद्ध पाणी तरी घालून बघा."

शुद्ध पाण्यातही विष निघालं.

मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या, "तीन धुण्यांत निघालं नसणार ते. तुम्हीच आत घातलेलं बाहेर येतंय."

धाकट्याने पावडर परत मावशींच्या हातात दिली. मावशींनी राहिलेली नऊ धुणी केली, एकही न चुकवता. मग त्याने आधी शुद्ध पाणी घातलं आणि नंतर औषध. रेघ दोन्ही वेळा सरळ गेली, शेवटपर्यंत.

फोनवर दादा म्हणाला, "पाणी घालून बघायचं होतं, एवढंच? नमुना आहेस नुसता. आता तिला तूच जाऊन सांग."

वहिनींच्या माहेरी त्याला दारातच उभं राहून सांगावं लागलं. खळगे, धुणी, कोरा नमुना, सगळं. कवळीचं उदाहरण तेवढं त्याने दिलं नाही. तो बोलताना रडला, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. "बाबांचा माझ्यावर भरवसा उरला नव्हता, भावजी. गेले सहा महिने. म्हणून रोज आधी एक चमचा मी घ्यायचे, त्यांना जीभ दाखवायचे, मग ते घ्यायचे. त्याच बाटलीतलं. कडूच होतं औषध. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. त्याला पावडर कशाला हवी होती?"

त्या आल्या, पण बाबांसाठी आल्या. दुसऱ्या दिवशी बाबांना निरोप देऊन सगळे घरी परतले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. वहिनी सवयीने आत गेल्या आणि चहा करून घेऊन आल्या. धाकट्याने घाईघाईने कपाला हात घातला.

"थांबा," त्या म्हणाल्या.

त्यांनी त्याचा कप उचलला, एक घोट घेतला आणि सगळ्यांना जीभ दाखवली. मग दादाच्या कपातला एक घोट घेतला, मग ताईच्या. "घ्या आता."

ताईने मान खाली घातली. दादा उठून खिडकीशी गेला. धाकट्याने तो उष्टा कप दोन्ही हातांनी धरला. चहात साखर नव्हती, कारण साखरेचा डबा उकिरड्यावर होता. त्याने शेवटच्या थेंबापर्यंत चहा संपवला आणि छान झालाय म्हणाला.