अप्पांच्या स्वयंपाकघरातली भिंत

चूक माझीच. शेजाऱ्याला न विचारता मी त्याच्या घरी रंगारी पाठवला. काशिनाथअप्पांची मुलगी महानंदा पहिल्या बाळंतपणासाठी विष्णुपुरीहून लातूरला माहेरी येणार होती. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. घरात अप्पा एकटे, आणि भिंतींना मुळात रंग कोणता होता हे त्यांनाही सांगता येईना. म्हटलं, शेजारधर्म पाळावा. गफूरभाईंना धाडलं आणि दिवसभर स्वतःवर खूश राहिलो.

संध्याकाळी गफूरभाई ब्रश घेऊन माझ्याच दारात.

"सर, बाकीचं घर झालं. स्वयंपाकघरात अप्पा भिंतीला पाठ लावून उभे हायत. हलूनच न्हाई राहिले."

मला नवल वाटलं नाही. भिंतींच्या बाबतीत अप्पा पहिल्यापासून असेच. नांदेडला पोलिसांच्या फॉरेन्सिक पथकात त्यांची नोकरी झाली. जिथं चोरी झाली, मारामारी झाली, तिथं जायचं आणि निळे-जांभळे दिवे टाकून साध्या डोळ्यांना न दिसणारं शोधायचं. निवृत्त झाले, पण सवय गेली नाही. कुणाकडंही गेले की चहाच्या आधी म्हणणार, "पहिलं लाइट बंद करा." मग खिशातून निळी बॅटरी निघणार आणि नाकावर नारिंगी चष्मा चढणार. एकदा माझ्या पांढऱ्या शर्टावर बॅटरी मारून म्हणाले, "सर, साबण नीट निघाला न्हाई." त्या दिवसापासून आमच्या घरी कपडे मी पिळतो.

मी क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. प्रकाशाचा धडा मला तोंडपाठ आहे. त्याच ऐटीत एकदा विचारलं, "अप्पा, या दिव्यात रक्त चमकत असेल, नाही का?"

नापास पोराकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "रक्त चमकत न्हाई, सर. काळं पडतं. चमकते ती लाळ, साबण, असलं काहीबाही."

"आणि धुळीतलं पाऊल?"

"त्याला साधा दिवा बी चालतो. फक्त जमिनीलगत, तिरपा धरायचा. वरून टाकला की पाऊल गायब. आमच्या साहेबाला कधी दिसलं न्हाई. ते समदं वरूनच बघायचे."

तर गफूरभाईंना थांबवून मी आणि आमची सौ. अप्पांकडं गेलो. अप्पा खरंच चुलीच्या जुन्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे होते. मी समजूत घालायला लागलो. "अप्पा, लेक येणार. ही भिंत एवढी तेलकट, कळकट..."

"पहिलं लाइट बंद करा, सर."

सौ.नं बटण दाबलं, मी खिडकी लावली. अप्पांनी चष्मा माझ्या हातात दिला आणि बाजूला होऊन बॅटरी पेटवली.

भिंतीवर कमरेच्या उंचीला एक हात उजळला. पिवळा-हिरवा, पाची बोटांचा. त्याच्यावर दुसरा, जरा सरकून तिसरा. मोजता येणार नाहीत इतके, सगळे एकाच माणसाचे. मी चष्मा सौ.कडं दिला.

"हळद हाय ती," अप्पा म्हणाले. "खाली बसून स्वयंपाक करायची. गुडघे दुखायचे तिचे. उठताना हात टेकायची. मी रोज म्हणायचो, भिंत खराब करून राहिलीस."

त्यांनी उजेड शेजारच्या हातावर सरकवला.

"ऊन लागलं की हळद उडून जाती. कोपरा अंधारा, म्हणून टिकली. लोकांची घरं लई तपासली, सर. आपल्या घरात बॅटरी लावली, ती महानंदाची आई गेल्यावर."

सौ.नं विचारलं, "महानंदाला दाखवलंत का, अप्पा?"

"न्हाई वहिनी. पोटुशी पोर. रडली म्हंजे?"

"रडू द्या की. तिचीबी आई होती."

रविवारी महानंदा आली. अप्पांनी बॅटरी तीनदा खिशातून काढली, तीनदा परत ठेवली. शेवटी सौ.नं स्वतःच लाइट बंद केला, तेव्हा कुठं अप्पांनी लेकीला चष्मा दिला आणि बॅटरी पेटवली.

महानंदा रडली नाही. भिंतीजवळ सावकाश खाली बसली आणि बराच वेळ बघत राहिली. उठायची वेळ आली तेव्हा जड पोटानं तिला उठवेना. तिनं भिंतीला हात टेकला, नेमका तिथंच. ज्या भिंतीजवळ गफूरभाईंना ब्रश नेऊ दिला नव्हता, तिथं अप्पांनी तिच्या हातावर उजेड धरला.

"अप्पा," ती म्हणाली, "आईचा हात माझ्यापेक्षा ल्हान हाय. मला कधी कळलंच न्हाई."

"मलाबी न्हाई," अप्पा म्हणाले, आणि हसले.

मग तिनंच गफूरभाईंना बोलावून घेतलं. हातभर चौकोन सोडायचा, बाकीची भिंत रंगवायची. गफूरभाईंनी चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि कधी नव्हे ते बारीक ब्रशनं काम केलं.

घरी आल्यावर सौ. आमच्या ओट्यामागच्या भिंतीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अप्पांची बॅटरी एकदा मागून आणा. या स्वयंपाकघरात तुमचा हात कुठं लागलाय का, ते बघू."