फुटबॉलचा निरोप समारंभ, वर्ष दुसरे

एका जंगलात एक शाळा होती. कुठल्या जंगलात ते विचारू नका, बाळांनो. विचारलंत तर मला आणखी एक थाप मारावी लागेल, आणि आजच्या माझ्या थापा या गोष्टीलाच जेमतेम पुरणार आहेत.

शाळा लहान होती. दोन खोल्या, एक घंटा आणि समोर मैदान. मैदान मात्र असं ऐसपैस, की शाळाच त्यात कुणीतरी विसरून गेलेल्या डब्यासारखी दिसायची.

या शाळेत साळू गुरुजी नावाचे एक साळिंदर फुटबॉल शिकवायचे. वय मध्यम. पोट मध्यमाच्या थोडं पुढे गेलेलं. गळ्यात शिट्टी आणि अंगभर काटे.

आता तुम्ही हुशार आहात, तुमच्या लक्षात आलंच असेल. साळिंदराचं आणि हवा भरलेल्या चेंडूचं जमणार कसं? जमायचं नाहीच. उमेदीच्या दिवसांत गुरुजींनी एकदाच चेंडू डोक्याने मारायला उडी घेतली होती. फुस्स असा आवाज झाला. गुरुजी खाली आले तेव्हा चेंडू त्यांच्या डोक्यावर, वाळत घातलेल्या टोपीसारखा लटकत होता. तेव्हापासून ते चेंडूपासून हातभर लांब उभे राहूनच फुटबॉल शिकवत.

"मला खेळता येत नाही म्हणूनच शिकवता येतं," असं ते स्वतःच सांगायचे. "येत असतं तर शिकवायला वेळ कुठून काढला असता?"

ऐकणारे हसायचे. गुरुजीही हसायचे. मग घरी जाऊन दार लावायचे आणि आरशासमोर उभे राहून नुसत्याच हवेला एक लाथ मारून बघायचे. लाथ चांगली बसायची. हवा तक्रार करत नसे.

गुरुजींचा संघ कसा होता, तेही सांगतो. कप्तान होती चिंगी नावाची भेकरी, म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारी छोटी हरिणी. पळायची वाऱ्यासारखी, पण पळता पळता भुंकायची. त्यामुळे ती कुठून येतेय हे समोरच्या संघाला आधीच कळायचं. गोलकीपर होता दगडू कासव. चेंडू अंगावर आला की तो मान आत घ्यायचा आणि गोल झाल्यावर बाहेर काढून विचारायचा, "गेला का?" आणि एक होता बंडू, खवल्या मांजराचा पोरगा. तो घाबरला की अंगाची गुंडाळी करून घट्ट गोल व्हायचा. एका सामन्यात समोरच्यांनी चेंडूऐवजी त्यालाच लाथाडत गोलात नेलं. रेफरी मोर होता, त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या पिसाऱ्याकडे. त्याने तो गोल दिलासुद्धा.

या संघाने आजवर एकही गोल केला नव्हता. पण खेळ सुटल्यावर घरी जा, घरी जा म्हणून गुरुजींना दहा वेळा शिट्टी फुंकावी लागायची.

एके दिवशी मुख्याध्यापक घोरपडबाईंनी गुरुजींना बोलावलं. बाई एकदा खुर्चीला धरून बसल्या की हलत नसत. त्यामुळे त्यांना भेटायला सगळ्यांनाच जावं लागे.

"गुरुजी, फुटबॉल बंद करावा लागतोय."

"का हो बाई?"

"संघात अकरा लागतात. नदीपलीकडच्या शाळेची पिवळी बस सुरू झाल्यापासून आपल्याकडे सगळी शाळा धरून नऊ मुलं उरलीत. त्यातलं एक कासव."

"कासव गोलकीपर आहे, बाई. आणि कमी मुलांतही खेळता येतं. पाच जण विरुद्ध चार जण."

"म्हणजे एका बाजूला एक कमी."

"आमची त्याच बाजूला असायची तयारी आहे. तसेही आम्ही हरतोच."

बाईंनी सुस्कारा टाकला. "माझ्या हातात काही नाही हो. निर्णय वरून आलाय."

गुरुजींनी वर पाहिलं. वर आढ्याला एक वटवाघूळ उलटं झोपलं होतं.

"पण असातसा नाही बंद करायचा आपण," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम गोड झाला. "छानपैकी निरोप समारंभ ठेवू. दहावीच्या मुलांचा ठेवतो तसा. आणि शेवटी एक सामना."

गुरुजींचे काटे आशेने उभे राहिले. लोकांनी एकदा, फक्त एकदा, पोरांना खेळताना पाहिलं की फुटबॉल बंद करायची कुणाची छाती होईल? असं त्यांना वाटलं. साळिंदर साधं असतं, बाळांनो. काटे असले की आत मऊ राहायला हरकत नसते.

समारंभाला सगळं जंगल लोटलं. आजवर एकाही सामन्याला न आलेले पालक पहिल्या रांगेसाठी भांडले. स्वागतगीत झालं. शाली झाल्या. नारळ झाले. चेंडूला झेंडूचा हार घातला. नऊ पोरं हातात फुलं धरून एका ओळीत उभी होती, पायात बूट घालून.

मग सरपंच बोलायला उठले. सरपंच म्हणजे गवा आप्पा. त्यांचं स्वतःचं वासरू पिवळ्या बसने नदीपलीकडे जायचं.

"मंडळी," आप्पा गरजले, "फुटबॉल आपल्या रक्तात हाय! आमच्या लहानपणी चेंडू नव्हता. तरीबी आम्ही फुटबॉल खेळायचो!"

टाळ्या.

"आज ह्यो खेळ आपल्याला सोडून चाललाय. कुणामुळं? म्या इचारतो, कुणामुळं?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणीच सापडलं नाही. मग आप्पा रडले. त्यांचं पाहून पहिली रांग रडली. मागच्या रांगांना ऐकू येत नव्हतं, तरी त्यांनीही मागे राहायला नको म्हणून डोळे पुसले.

आप्पांनंतर उपसरपंच बोलले. उपसरपंचांनंतर माजी सरपंच. माजी सरपंचांनंतर जे एकदाही सरपंच झाले नव्हते ते, आणि ते सगळ्यांत जास्त वेळ बोलले. सूर्य टेकडीआड गेला. मैदानावर अंधार पडला. बाईंनी हळूच जाहीर केलं, "वेळेअभावी सामना रद्द करण्यात येत आहे. सर्वांनी चहा घेऊन जावे."

चिंगी फुलं धरून तशीच उभी राहिली. "गुरुजी, बूट काढू का?"

"काढ बाळ," गुरुजी म्हणाले. आणि त्यांनी शिट्टी खिशात टाकली, कारण आज घरी जा म्हणून कुणाला सांगायची गरजच नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी गुरुजींना वाटलं, एवढी भाषणं झाली, एवढं रडणं झालं, काहीतरी फरक पडला असेलच की! ते धावत बाईंकडे गेले.

"बाई, सगळ्यांनाच फुटबॉल हवाय म्हणतात. मग चालूच ठेवूया ना?"

बाई दचकल्या. "चालू? अहो, निरोप झाला की! शाली दिल्या, नारळ दिले. आता चालू ठेवायचा म्हणजे आलेल्या पाहुण्यांचा अपमान नाही का? ते म्हणतील, आम्ही काय उगाच रडलो?"

यावर गुरुजींनी काय म्हणायचं? तुम्हाला सुचलं तर मला कळवा. मला तरी अजून सुचलेलं नाही.

चेंडू हारासकट काचेच्या कपाटात गेला. कपाटाला कुलूप लागलं. गुरुजींकडे शिवणकामाचा तास दिला, कारण शाळेचा सुयांचा खर्च वाचत होता.

वर्ष गेलं. आणि एक दिवस गवा आप्पा शाळेत आले. "बाई, गेल्या साली काय झ्याक कार्यक्रम झाला हो! लोक अजून नाव काढत्यात. असा कार्यक्रम दर साली व्हायला पायजेल."

समिती नेमली गेली. समितीची उपसमिती नेमली गेली. आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडव पडला. वर कापडी फलक झळकला: 'फुटबॉलचा निरोप समारंभ, वर्ष दुसरे'. काचेचं कपाट उचलून मंचावर मधोमध ठेवलं.

चिंगीने बाईंना विचारलं, "बाई, यंदा सामना हाय?"

"नाही गं. मैदानात मांडव आहे ना."

"मांडव कशाला?"

"फुटबॉलसाठी," बाई म्हणाल्या.

गुरुजींना मंचावर अगदी कडेची खुर्ची मिळाली. शेजाऱ्याला काटे टोचू नयेत म्हणून. आभारप्रदर्शन त्यांच्याकडे होतं. फुटबॉल बंद केल्याबद्दल सर्वांचे आभार फुटबॉलच्या गुरुजींनी मानायचे होते, आणि गुरुजींनी ते पाठही केले होते. लाज वाटण्याइतके सुरेख जमले होते.

आप्पा माइकसमोर आले. "मंडळी, फुटबॉल आपल्या रक्तात हाय!"

तेवढ्यात गुरुजींना दिसलं, मांडवाच्या मागून चिंगी सटकली. तिच्यामागे बंडू. मग बाकीची पोरं एकेक करून. दगडू तर आप्पांच्या समोरूनच गेला, पण इतका सावकाश, की तो जातोय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

गुरुजी खुर्चीत चुळबुळले. मग बाईंच्या कानाशी वाकून म्हणाले, "पाणी पिऊन आलो."

मांडवामागे ओढा होता. ओढा कोरडा होता. त्यात पोरं दोन बाजू करून उभी होती, पण चेंडू नव्हता.

"बॉल तर कपाटात हाय," एक जण म्हणाला.

"म्या हुतो की बॉल," बंडू म्हणाला आणि घट्ट गोल झाला. आतून त्याचा आवाज आला, "हळू मारा रे. गुदगुल्या हुत्यात."

आणि खेळ सुरू झाला! चिंगी भुंकत पळत होती. बंडू खिदळत घरंगळत होता. गुरुजी सवयीप्रमाणे हातभर लांब उभे राहून ओरडत होते, "पास दे! अगं, पास दे!"

चिंगीने पास दिला. थेट गुरुजींकडे.

बंडू त्यांच्या पायाशी येऊन थांबला. सगळी पोरं भोवती जमली.

"मारा की गुरुजी!"

गुरुजी मागे सरकले. "विद्यार्थ्याला मारायचं नाही, असा शाळेचा नियम आहे."

"आवं, ह्ये मारणं न्हाई," बंडू आतून म्हणाला. "शॉट हाय."

"काटे लागतील रे तुला."

"मंग माझी ही खवलं काय शोभेची हैत व्हय?"

गुरुजींनी मांडवाकडे पाहिलं. बंडूकडे पाहिलं. खांद्यावरची समारंभाची शाल काढून दगडावर ठेवली. मग आरशासमोर इतकी वर्षं मारत आले होते, तीच लाथ त्यांनी मारली.

फुस्स झालं नाही.

टण्ण असा आवाज झाला. बंडू गोट्यांवरून उडत उडत गेला. दगडूने मान आत घेतली. आणि गोल झाला! त्या संघाचा आयुष्यातला पहिला गोल, त्यांच्याच गोलकीपरवर, त्यांच्याच गुरुजींनी केलेला. दगडूने मान बाहेर काढून विचारलं, "गेला का?" आणि पोरांनी अशी आरोळी ठोकली की ओढ्याकाठचे बगळे उडाले.

आरोळी मांडवात ऐकू आली. आप्पा भाषण आटोपून बसायच्या बेतात होते. ते पुन्हा उठले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मंडळी," ते म्हणाले, "तुमच्या आग्रहाखातर आणखी दोन शब्द बोलतो."

ओढ्यात बंडू चक्कर येऊन उभा राहिला, एकदा डावीकडे कलला, एकदा उजवीकडे, आणि म्हणाला, "गुरुजी, पुन्यांदा!"

आभारप्रदर्शन राहूनच गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण तोवर माजी सरपंच उठले होते.

तात्पर्य: एखादी गोष्ट जिवापाड आवडत असेल, बाळांनो, तर ती चालू राहावी म्हणून मोठ्यांच्या मागे लागू नका. आधी तिचा थाटात निरोप समारंभ करून घ्या. एकदा ते भाषणांत गुंतले, की ओढा तुमचाच. आणि ही गोष्ट आवडली नसेल तर माझाही निरोप समारंभ जरूर ठेवा. मी दरवर्षी येईन.