पंतांच्या टाकीची घडवंची

आमचे शेजारी दत्तोपंत कधी कुठे सरळ बसले नाहीत. खुर्ची असो, बाक असो, आधी वाकून खाली बघायचं, मग गदागदा हलवायचं आणि घरमालकाकडे संशयाने पाहत विचारायचं, "भार कशावर आहे?" एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी पाटच उलटा केला. यजमानांना वाटलं, पंत खाली दक्षिणा शोधताहेत!

पंत कोपरगावच्या कचेरीत कारकून, मी शाळामास्तर. आमची भिंत एक आणि हळूहळू भीतीही एक झाली. चार वर्षांत मी घरातल्या फळ्यांवरचे सगळे डबे जमिनीवर मांडले. बायको म्हणाली, "एकतर शेजार बदला, नाहीतर बायको बदला."

पंतांच्या पत्नी, यमुनाकाकू, नऊ वर्षं अंथरुणावर होत्या. कंबरेखालचं अंग गेलेलं. लहानपणापासून त्यांचा एक नेम होता. कागदाच्या चिठ्ठ्यांवर रामनाम लिहायचं, चिठ्ठी कणकेच्या गोळीत घालायची आणि गोळ्या गंगेत माशांना टाकायच्या. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. काकू पडल्या पडल्या गोळ्या अजून वळत. घाटावर पंत जात, तेही पायरी ठोकून. परत आले की काकूंचा एकच प्रश्न, "खाल्ल्या का हो?" पंत म्हणत, "खाल्ल्या." काकू म्हणत, "मला पुन्हा एकदा बघायचंय."

साहेब लोक देश सोडून निघाले, त्या वर्षी नगरच्या छावणीत त्यांच्या सामानाचे लिलाव झाले. पंतांनी तिथून मासे ठेवायची काचेची टाकी आणली, गोधडीत गुंडाळून, आगगाडीत मांडीवर घेऊन. ती ज्यावर ठेवायची ती लोखंडी घडवंची मात्र तिथेच सोडून आले.

"अहो, आयती मिळत होती ना?" मी म्हणालो.

"मास्तर, ती कोणी जोडली? खिळा मारताना त्याचं लक्ष कुठे होतं? साहेब तर बोटीत बसला. उद्या विचारू कोणाला? सहा घागरी पाणी आहे, आणि ते हिच्या उशाशी!"

म्हणून कोंडिबा सुताराला बोलावलं. घडवंची खाटेच्या उंचीची, बाभळीची. पंत रजा काढून समोर बसले. दर खिळ्याला कोंडिबाचा हात धरायचे. शेवटी तो वैतागून म्हणाला, "पंत, म्हस हुबी करा हिच्यावर. हालली तर नाव बदलीन!"

"आण," पंत म्हणाले.

म्हैस खरंच आली. तिने घडवंचीवर एक पाय ठेवला, पंतांकडे पाहिलं आणि पाय काढून घेतला. मग कोंडिबा, मी आणि कचेरीतले दोन शिपाई असे चौघे घडवंचीवर तासभर बसलो. ती करकरलीसुद्धा नाही.

"झालं समाधान?" मी विचारलं.

"मी मधे पाणी प्यायला आत गेलो होतो," पंत पुटपुटले. "तेव्हा त्याने काय केलं, कोण जाणे."

कोंडिबा हत्यारं तिथेच टाकून निघून गेला. टाकी दोन महिने कोरडी पडून राहिली. शेवटी काकूंनीच सांगितलं, "विकतची नको, कोंडिबाची नको. तुम्ही स्वतः करा."

पंतांचा चेहरा पांढराफटक पडला. तसेच उठून ते माझ्या ओट्यावर आले आणि प्रथमच न तपासता बसले. मला धस्स झालं.

"मास्तर, नऊ वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातली फळी पडली. वर पितळी हंडे होते. खाली ही भाजी चिरत होती. ती फळी मी ठोकली होती. सुताराचे आठ आणे वाचवायला."

थंडीतही त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता.

पण काकू हटल्या नाहीत. पंतांनी हातोडी उचलली. एका घडवंचीला त्यांना सतरा दिवस लागले. ती जराशी तिरकी झाली. भोयाने मडक्यातून बोटाएवढे मासे आणून दिले. टाकी काकूंच्या उशाशी बसवली. घागरी मी आणल्या. पहिली ओतणार, एवढ्यात पंत जमिनीवर आडवे झाले आणि सरपटत घडवंचीच्या खाली शिरले.

"पंत, हे काय?"

"ओता तुम्ही. पडलीच तर आधी माझ्यावर पडू दे."

मी ओतत गेलो. तिसऱ्या घागरीला लाकूड कुरकुरलं. खालून पंतांचा रामरक्षेचा आवाज चढला. काकू खिदळत होत्या आणि मी मात्र घामाघूम! सहावी संपली. पाणी स्थिरावलं, मासे सोडले. पंत काही बाहेर येईनात.

काकूंनी खाटेवरून हात खाली सोडला.

"अहो, फळी पडली माझ्या अंगावर, आणि तिच्याखाली नऊ वर्षं अडकून बसलात तुम्ही. या आता बाहेर. मला एकटीला बघायचं नाहीये."

पंतांनी तो हात धरला आणि बाहेर आले. टाकीकडे त्यांनी पाहिलंच नाही. काकूंच्या पांघरुणात तोंड खुपसून ते लहान मुलासारखे रडले. काकू एका हाताने त्यांच्या पाठीवर थोपटत होत्या आणि दुसऱ्या हाताने पाण्यात गोळी सोडत होत्या.